वॉर्डातील पहिले दिवस : परिचर्या-शिक्षण आणि आत्मविश्वासाची घडण

(जासई येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

परिचर्येच्या शिक्षणाविषयी सर्वसाधारणपणे असे मानले जाते की, विद्यार्थिनीला जितक्या लवकर रुग्णालयात नेले जाईल तितकी तिची भीती लवकर जाईल आणि भीती गेली की आत्मविश्वास आपोआप येईल. या समजुतीचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसरा मात्र तपासून घ्यावा लागतो. भीती जाणे आणि आत्मविश्वास येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सवयीने भीती गेलेली पण काम नीट न शिकलेली व्यक्ती रुग्णाच्या दृष्टीने घाबरलेल्या विद्यार्थिनीपेक्षाही अधिक धोक्याची ठरू शकते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय त्यामुळे दुपदरी आहे : शिक्षणाच्या आरंभीच मिळणारा रुग्णसेवेचा प्रत्यक्ष अनुभव विद्यार्थिनीला काय देतो, आणि त्या अनुभवातून भरवशाचा आत्मविश्वास तयार व्हावा यासाठी वॉर्डात कोणती व्यवस्था असावी लागते.

विवेचनात वारंवार येणाऱ्या दोन संज्ञांचा अर्थ आधी निश्चित करणे सोयीचे होईल. ‘प्रारंभिक रुग्णानुभव’ म्हणजे शरीररचना, शरीरक्रिया, पोषण यांसारखे पायाभूत विषय शिकत असतानाच, पहिल्या काही महिन्यांत, विद्यार्थिनीने शिक्षकाच्या देखरेखीखाली रुग्णाजवळ जाऊन केलेले काम; रुग्णालयाच्या रोजच्या भाषेत याला ‘पोस्टिंग’ म्हणतात. ‘आत्मविश्वास’ या शब्दाने येथे स्वभावातला धीटपणा अभिप्रेत नसून, एखादे विशिष्ट काम विशिष्ट परिस्थितीत आपल्याकडून नीट होईल ही खात्री अभिप्रेत आहे. बोलण्यात तरबेज असलेल्या मुलीला सलाईन लावताना ही खात्री नसू शकते आणि वर्गात कधीही हात वर न करणाऱ्या मुलीला ती असू शकते. परिचर्येच्या अभ्यासक्रमांत मुलग्यांची संख्या आता वाढली असली तरी मुलींचे प्रमाण मोठे असल्याने येथे ‘विद्यार्थिनी’ हा शब्द दोघांसाठी योजला आहे.

हा विषय जासईत मांडण्यामागे प्रयोजन आहे. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पासाठी घेण्यात आल्या. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या या जन्मगावाचे आणि परिसरातील गावांचे नाव १९८४ च्या जानेवारीतील शेतकरी आंदोलनाशी आणि त्यातील पाच हुतात्म्यांशी कायमचे जोडले गेले. शेती आणि मिठागरे गेल्यावर या पट्ट्यातील पुढच्या पिढीला उपजीविकेचा आधार शिक्षणात शोधावा लागला. बंदर, गोदामे आणि कंटेनर यार्ड यांतील बरेचसे काम कंत्राटी स्वरूपाचे असताना, परिचर्येची पदविका किंवा पदवी हे गावाबाहेरही किंमत असलेले आणि नोंदणीमुळे कायदेशीर दर्जा असलेले साधन आहे. या वाटेने जाणाऱ्या मुलींपैकी अनेकींच्या घरात रुग्णालयात नोकरी करणारे आधीचे कोणी नसते. म्हणून वॉर्डातील पहिले दिवस त्यांच्यासाठी अधिक निर्णायक ठरतात.

परिचर्येच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला तर अनुभव आणि शिकवणे यांचे प्रमाण कोठे राखावे, हा प्रश्न त्याच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत असल्याचे दिसते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू झालेल्या नाइटिंगेल विद्यालयात उमेदवार स्त्रिया वॉर्डात राहून, वरिष्ठ सिस्टरच्या नजरेखाली काम करत शिकत असत. मुंबईत कामा रुग्णालयात डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाला चालना दिली, आणि १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या परिचर्येचे शिक्षण घेण्यास पुढे आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून परिचर्येच्या इतिहासात नोंदल्या गेल्या. त्या काळात अडचण केवळ कौशल्याची नव्हती. परक्या माणसाच्या शरीराला स्पर्श करणे, मलमूत्र साफ करणे, रात्रपाळीसाठी घराबाहेर राहणे, या प्रत्येक गोष्टीआड जातीची आणि प्रतिष्ठेची भिंत उभी होती.

ही भिंत ओलांडण्याचा महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा प्रयत्न पुण्याच्या सेवासदनाने केला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने आपल्या विद्यार्थिनी, ज्यांत विधवा स्त्रियाही होत्या, ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवल्या आणि त्यांच्या निवासाची व्यवस्था केली. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने या व्यवस्थेकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते : सेवासदनाने स्त्रीला एकटीला वॉर्डात धाडले नाही. एकीने पाहिलेले दुसरीला सांगता येईल, एकीला जमलेले पाहून दुसरीला आपल्यालाही जमेल असे वाटेल, आणि समाजाने नावे ठेवली तरी पाठीशी संस्था आहे याची जाणीव राहील, अशी सोबत तिने उभी केली. आज आत्मविश्वासाविषयी मानसशास्त्र जे सांगते, त्यातील बराच भाग या व्यवस्थेत आधीच होता.

मात्र रुग्णालयांशी जोडलेल्या प्रशिक्षणाचा एक दोष पुढे सर्वत्र उघड झाला. विद्यार्थिनी हे रुग्णालयाचे स्वस्त मनुष्यबळ बनले. पाळ्या भरण्यासाठी त्यांची नेमणूक होई आणि शिकवणे उरलेल्या वेळात होई. भारतात तर परिचारिकांची टंचाईच इतकी तीव्र होती की, सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात देशात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले, १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि १९६४ मध्ये मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय उभे राहिले. परिचर्या रुग्णालयाच्या आवारातून विद्यापीठात आली, हे इष्टच झाले. पण त्याबरोबर उलटा धोकाही आला. पूर्वी अनुभव भरपूर आणि शिकवणे थोडे होते. आता शिकवणे भरपूर आणि अनुभव तुटक होण्याची शक्यता निर्माण झाली. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये ‘वास्तवाचा धक्का’ या नावाने जी अवस्था वर्णिली, ती हीच : महाविद्यालयात शिकलेली आदर्श परिचर्या आणि वॉर्डात प्रत्यक्ष चालणारी परिचर्या यांतील अंतर पाहून नव्या परिचारिका खचतात आणि त्यांपैकी काही व्यवसायच सोडतात.

महाराष्ट्रात आज या शिक्षणाचे तीन मुख्य मार्ग आहेत : दोन वर्षांचा एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम; तीन वर्षांचा जीएनएम, म्हणजे सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका; आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी. पदवीचा अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनुसार आठ सत्रांत विभागला गेला असून ‘परिचर्येचा पाया’ हा विषय पहिल्याच सत्रापासून सुरू होतो, त्याला कौशल्य-प्रयोगशाळेची आणि वॉर्डातील कामाची जोड असते, आणि शेवटच्या सत्रात इंटर्नशिप असते. डॉक्टरी शिक्षणात पहिल्या वर्षापासून रुग्णाशी संपर्क घडवण्याची तरतूद २०१९ च्या अभ्यासक्रमाने आवर्जून केली. परिचर्येत ती पूर्वीपासून होती. म्हणून परिचर्येपुढचा प्रश्न ‘वॉर्डात लवकर न्यावे की नाही’ हा नाही, तर नेल्यानंतर तेथे काय घडते हा आहे.

ते समजण्यासाठी पहिल्या वर्षातील अगदी साधे मानले जाणारे एक काम सविस्तर पाहणे उपयोगी ठरेल, ते म्हणजे रक्तदाब मोजणे. दंडाभोवती पट्टा योग्य जागी आणि योग्य घट्टपणे बांधायचा, मनगटाची नाडी चाचपत हवा भरून ती कोठे लागेनाशी होते ते पाहायचे, मग कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून हवा सावकाश सोडायची. ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा आकडा आणि ते विरतात तो खालचा. हे आवाज रशियन वैद्य निकोलाय कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये प्रथम वर्णिले आणि आजही जगभर त्यांच्याच नावाने ते ओळखले जातात. पुस्तकात ही कृती काही ओळींची आहे. वॉर्डात मात्र शेजारच्या खाटेवरचे बोलणे, ट्रॉलीचा खडखडाट, नातेवाइकांच्या नजरा आणि रुग्णाचा ‘किती आलं?’ हा तात्काळ प्रश्न यांच्यामध्ये नवख्या कानाला काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी तक्त्यावर १२०/८० लिहून पुढच्या खाटेकडे वळणे हा परिचर्या शिकवणाऱ्यांना चांगला ठाऊक असलेला प्रकार आहे. याला आळस म्हणून सोडून देणे चुकीचे होईल. बहुधा त्या विद्यार्थिनीला मोजण्याची रीत ठाऊक असते. ‘ऐकू आले नाही, पुन्हा पाहते’ हे रुग्णासमोर आणि शिक्षिकेसमोर म्हणण्याचे बळ तिच्याकडे नसते. त्यामुळे आत्मविश्वासाची पहिली कसोटी काम जमण्यात नसून, न जमलेले वेळेवर सांगता येण्यात आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

कॅनडात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला स्वक्षमतेचा सिद्धांत या ठिकाणी उपयोगी पडतो. एखादे काम आपल्याला जमेल ही खात्री माणसात चार वाटांनी येते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पहिली आणि सर्वांत प्रबळ वाट म्हणजे ते काम स्वतः यशस्वीपणे केल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच व्यक्तीने ते केलेले पाहणे. तिसरी, ज्याच्या शब्दाला आपल्या लेखी वजन आहे अशा व्यक्तीने ‘तुला जमेल’ किंवा ‘हे बरोबर झाले’ असे सांगणे. आणि चौथी, त्या वेळी शरीरात व मनात उठणाऱ्या प्रतिक्रियांचा, म्हणजे धडधडीचा, घामाचा, हाताच्या कंपाचा, आपण लावलेला अर्थ. रक्तदाबाच्या उदाहरणात या चारही वाटा प्रत्यक्ष उघडता येतात. दोघींना एकाच वेळी ऐकता येईल असा, कानात घालायच्या नळ्यांच्या दोन जोड्या असलेला शिकवणीचा स्टेथोस्कोप मिळतो. तो वापरला की शिक्षिका आणि विद्यार्थिनी एकच ठोका ऐकतात, आणि विद्यार्थिनीने सांगितलेला आकडा खरा की ओढूनताणून आणलेला हे तेथल्या तेथे कळते. आकडा जुळला की पहिली वाट उघडते, शिक्षिकेच्या शब्दाने तिसरी. शेजारी उभी असलेली वर्गमैत्रीण ते पाहत असते, तिच्यासाठी दुसरी उघडते. आणि सुरुवातीला हात कापणे हे प्रत्येकीच्या बाबतीत होते असे आधीच सांगितलेले असेल, तर कापणारा हात नालायकीची खूण वाटेनासा होतो.

याच ठिकाणी देखरेखीशिवाय मिळालेल्या अनुभवाचा धोकाही स्पष्ट होतो. १२०/८० लिहून निभावून नेलेली प्रत्येक नोंद हाही विद्यार्थिनीच्या मनात एक यशस्वी अनुभवच असतो. कोणी हरकत घेतलेली नसते, रुग्णालाही तत्काळ काही झालेले नसते, आणि अशा नोंदींच्या राशीवर जो धीटपणा उभा राहतो तो दिसायला आत्मविश्वासासारखाच असतो. डॉक्टरांनी स्वतःच्या कौशल्याविषयी केलेले अंदाज आणि तटस्थ परीक्षणातून दिसलेले त्यांचे कौशल्य यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एक आढावा २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक ठिकाणी दोहोंचा मेळ बसत नसल्याचे, आणि कौशल्यात मागे असलेल्या काही जणांनाच स्वतःविषयी सर्वाधिक खात्री असल्याचे आढळले. अनुभवी डॉक्टरांची ही गत असेल, तर ‘तुम्हाला आता किती आत्मविश्वास वाटतो?’ अशी प्रश्नावली विद्यार्थिनींकडून पोस्टिंगनंतर भरून घेऊन शिक्षण यशस्वी झाल्याचा निष्कर्ष काढणे पुरेसे नाही. आत्मविश्वासाबरोबर कौशल्यही मोजले पाहिजे. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली परीक्षापद्धती, जिच्यात विद्यार्थी एकामागून एक ठाण्यांवर जाऊन ठरावीक वेळेत एकेक कृती करून दाखवतात आणि परीक्षक आधी ठरलेल्या यादीनुसार गुण देतात, ती याच कारणासाठी आता परिचर्या शिक्षणातही आली आहे.

वॉर्डापूर्वीच्या तयारीसाठी कौशल्य-प्रयोगशाळेचे महत्त्व निर्विवाद आहे. बाहुल्या बनवणाऱ्या मार्था जेंक्स चेस यांनी १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचर्या विद्यालयासाठी माणसाच्या आकाराची एक बाहुली तयार केली. ‘मिसेस चेस’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या बाहुलीवर विद्यार्थिनींच्या पिढ्या अंग पुसणे, कूस बदलणे, इंजेक्शन देणे शिकल्या. आजचे मॅनिकिन श्वास घेते, त्याची नाडी लागते आणि त्याचा रक्तदाब संगणकावरून बदलता येतो. अमेरिकेच्या परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा शिक्षणसंस्थांत केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, रुग्णालयातील कामाच्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास अशा सरावाने भरून काढले तरी विद्यार्थिनींच्या अंतिम क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र हा निष्कर्ष सोयीने वापरता येत नाही. त्या अभ्यासात प्रशिक्षित शिक्षक होते आणि प्रत्येक सरावानंतर काय झाले, का झाले, पुन्हा करताना काय बदलायचे याची शिस्तबद्ध चर्चा होती. कुलूपबंद कपाटातले मॅनिकिन निरीक्षण-समितीच्या भेटीदिवशी बाहेर काढल्याने तोच परिणाम मिळणार नाही. शिवाय बाहुली कण्हत नाही, लाजत नाही आणि सुई मारू देण्यास नकार देत नाही. या तिन्ही गोष्टींना सामोरे जाण्याचे शिक्षण माणसाजवळच मिळते.

अनुभवाने माणूस पायरीपायरीने कसा घडतो, याचे विवेचन परिचर्या-संशोधक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये केले. त्यांच्या मते परिचारिका नवशिकेपणापासून पाच टप्प्यांनी तज्ज्ञतेकडे जाते. नवशिकी नियमांना धरून चालते, कारण समोरच्या परिस्थितीतले महत्त्वाचे काय आणि गौण काय हे तिला कळत नाही. तज्ज्ञ परिचारिकेला खोलीत पाऊल ठेवताच रुग्णाचे काहीतरी बिनसले आहे हे जाणवते, मात्र ते कसे जाणवले हे तिला शब्दांत सांगता येईलच असे नाही. या विवेचनातून शिक्षणासाठी एक अडचणीचा निष्कर्ष निघतो : वॉर्डातील सर्वांत कुशल परिचारिका ही आपोआप चांगली शिक्षिका नसते. तिला जे दिसते ते नवशिकीला दिसावे म्हणून ती पाहते कसे, हे तिने मोठ्याने उलगडून सांगावे लागते. पोस्टिंगच्या आधी दिवसाचे उद्दिष्ट ठरवणारी आणि नंतर अनुभवाचा हिशेब घेणारी छोटी बैठक, ज्यांना प्री-कॉन्फरन्स आणि पोस्ट-कॉन्फरन्स म्हणतात, त्या यासाठी असतात. जेथे या बैठका हजेरी घेण्यापुरत्या उरतात, तेथे विद्यार्थिनी वॉर्डात तास भरते आणि घरी येऊन जुन्या वह्यांवरून केअर प्लॅन उतरवते.

चूक सांगण्याच्या बळाचा विचार येथे पुन्हा करावा लागतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास करून १९९६ मध्ये असे दाखवले की, ज्या वॉर्डांत प्रमुखांचे वागणे मोकळे आणि सहकार्य चांगले होते, तेथे नोंदलेल्या चुका कमी नव्हत्या, उलट अधिक होत्या. याचा त्यांनी लावलेला अर्थ असा की, अशा वॉर्डांत चुका जास्त होत नसाव्यात, त्या जास्त सांगितल्या जात असाव्यात. इन्चार्ज सिस्टर सर्वांसमोर ओरडतील या भीतीने टोचलेली सुई लपवणारी विद्यार्थिनी स्वतःचा जीव धोक्यात घालते, कारण सुई टोचल्यानंतर करायचे प्रतिबंधक उपचार जितके लवकर सुरू होतील तितके उपयोगी असतात; आणि चुकीचा डोस लपवणारी विद्यार्थिनी रुग्णाचा जीव धोक्यात घालते. कडक शिस्त आणि अपमान यांत फरक करता येतो. शिस्त कामाच्या पद्धतीला लागू होते : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ या पाच गोष्टी प्रत्येक वेळी तपासल्याच पाहिजेत, मग औषध देणारी पहिल्या वर्षाची असो किंवा वीस वर्षांच्या नोकरीची. अपमान व्यक्तीला लागू होतो, आणि त्यातून शिकली जाणारी गोष्ट एकच, लपवणे.

डॉक्टरांशी बोलण्याचे धैर्य हाही याच आत्मविश्वासाचा भाग आहे. त्यासाठी एक साधी चौकट शिकवता येते, जिचे मूळ अमेरिकी नौदलातील संवादपद्धतीत असून गेल्या दोन-अडीच दशकांत ती रुग्णालयांत रूढ झाली : आता काय घडते आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, परिचारिकेला काय वाटते, आणि तिला काय हवे आहे. ‘सर, सात नंबरचा पेशंट बरा वाटत नाही’ या वाक्यापेक्षा ‘सात नंबर, कालच पोटाची शस्त्रक्रिया, नाडी तासाभरात ९० वरून १२० वर गेली आहे, आतून रक्तस्राव असावा अशी शंका आहे, आपण आत्ताच पाहावे’ हे वाक्य अधिक लवकर ऐकले जाते. अशी चौकट हाती असलेल्या विद्यार्थिनीला धीट स्वभावाची गरज पडत नाही.

उरण-पनवेल परिसराच्या संदर्भात या सर्व चर्चेला काही विशेष पैलू प्राप्त होतात. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कंटेनरवाहू ट्रेलरची अखंड वाहतूक असते, रासायनिक आणि तेल-वायू प्रकल्प जवळ आहेत, आणि ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात लागलेल्या आगीत जीवितहानीही झाली; शेती, खाडी आणि कांदळवन यांच्या शेजारामुळे सर्पदंशाचे रुग्णही येतात. गंभीर रुग्णाला बऱ्याचदा पनवेल, कामोठे, नेरूळ किंवा वाशी गाठावे लागते. अशा ठिकाणी पहिला अर्धा तास निर्णायक ठरतो आणि तो अनेकदा ग्रामीण रुग्णालयातील किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या हातात असतो. म्हणून येथील विद्यार्थिनींचा प्रारंभिक अनुभव मोठ्या रुग्णालयांच्या चकचकीत वॉर्डांपुरता मर्यादित ठेवणे योग्य नव्हे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांत त्यांना रक्तस्राव थांबवणे, मान व कणा न हलवता जखमीला उचलणे, सर्पदंशात अवयव स्थिर ठेवून रुग्णाला वेळ न दवडता पुढे पाठवणे ही कामे पाहायला व देखरेखीखाली करायला मिळाली पाहिजेत.

दुसरा पैलू भाषेचा आहे. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलीला पदवीच्या वर्गात इंग्रजी पाठ्यपुस्तके आणि इंग्रजी परीक्षा यांना तोंड द्यावे लागते, आणि पहिल्या वर्षात तिच्या मनात जी न्यूनतेची भावना घर करते तिचे मूळ बऱ्याचदा येथे असते. वॉर्डात मात्र तीच मुलगी अनेकींच्या पुढे असते. आगरी बोली बोलणारी वृद्धा आपले दुखणे कोठे आणि केव्हापासून हे तिच्या बोलीत मोकळेपणाने सांगते. काय खाल्ले, कोणते झाडपाल्याचे औषध घेतले, गोळ्या मध्येच का बंद केल्या, हे प्रश्न विचारण्याची योग्य पद्धत त्या मुलीला घरातूनच मिळालेली असते. रुग्णाचा इतिहास घेणे हे नैदानिक कौशल्य आहे, गप्पा नव्हेत. पहिल्या पोस्टिंगचे पहिले काम हेच ठेवले, आणि तिने मिळवलेली माहिती केसपेपरवर योग्य संज्ञांत कशी मांडायची हे शिक्षिकेने शेजारी बसून दाखवले, तर यशाचा पहिला अनुभव तिला सुई हाती घेण्यापूर्वीच मिळतो आणि इंग्रजी संज्ञाही रुग्णाच्या संदर्भासह मनात बसतात.

देखरेखीचे महत्त्व कोविड काळाने सर्वांना दाखवले. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, केंद्र सरकारने परिचर्येची अर्हता असलेल्यांना पूर्णवेळ कोविड-सेवेत घेण्याचा आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचाही वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपयोग करण्याचा मार्ग खुला केला. त्या वेळी उपयोगी पडलेली कौशल्ये पाहिली तर त्यांतील बरीच पहिल्या वर्षात शिकवली जाणारी होती : हात धुण्याची शिस्त, श्वासगतीची खरीखुरी मोजणी, ऑक्सिजन-पातळीची वेळच्या वेळी नोंद, रुग्णाला सुरक्षितपणे पालथे झोपवणे आणि नातेवाइकांना स्पष्ट पण सौम्य शब्दांत माहिती देणे. पाया म्हणून हिणवली जाणारी कामे संकटात आधार ठरतात, आणि ती ज्यांनी नीट शिकलेली असतात त्यांना नवी यंत्रे शिकायला फार वेळ लागत नाही.

शेवटी व्यवस्थेचा प्रश्न येतो, कारण चांगल्या शिक्षणपद्धतीची माहिती आणि ती राबवण्याची ऐपत या वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक असावा. एकाच रुग्णालयाच्या वॉर्डांत अनेक संस्थांच्या तुकड्या आल्या की हे प्रमाण कागदावरच राहते. एका खाटेभोवती विद्यार्थिनींचे कोंडाळे उभे राहते, हात लावण्याची संधी पुढच्या दोघींना मिळते आणि बाकीच्यांची हजेरी लागते. दुसरीकडे, जेथे परिचारिकांची पदे रिकामी असतात तेथे त्याच विद्यार्थिनीवर एकटीने रात्रपाळी सांभाळण्याची वेळ येते. या दोन्ही टोकांना प्रारंभिक रुग्णानुभवच म्हटले जाते, आणि दोन्हींतून आत्मविश्वास निर्माण होत नाही : पहिल्यातून काम न करता उत्तीर्ण होण्याची सवय लागते, दुसऱ्यातून काम न समजता निभावून नेण्याची.

उरण तालुक्यात मोठे रुग्णालय व्हावे, परिसरात आणखी परिचर्या महाविद्यालये निघावीत, या मागण्या न्याय्य आहेत आणि या भूमीने मागण्या कशा लावून धराव्यात हे महाराष्ट्राला दाखवले आहे. त्या मागण्यांमध्ये आणखी एका मागणीची भर पडणे आवश्यक आहे. प्रवेश घेताना पालकांनी संस्थेला इमारत, वसतिगृह आणि नोकरीची हमी यांच्याबरोबर काही साधे प्रश्न विचारावेत : पहिल्या सत्रात मुलगी किती दिवस वॉर्डात असेल, त्या वेळी तिच्याबरोबर कोणती शिक्षिका असेल, त्या शिक्षिकेकडे आणखी किती जणी असतील, आणि मुलीने एखादे काम स्वतंत्रपणे करावे की नाही हे कोण, कसे तपासून ठरवील. ज्या संस्थेला या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत आणि नावांत देता येतात, तेथे लवकर मिळालेला अनुभव विद्यार्थिनीला घडवतो. जेथे ती उत्तरे मिळत नाहीत, तेथे तिला पहिल्या महिन्यात वॉर्डात नेले काय किंवा दुसऱ्या वर्षी नेले काय, तिच्या अननुभवाची किंमत शेवटी खाटेवरचा रुग्णच मोजतो. आणि बऱ्याचदा तो रुग्ण याच गावांपैकी एखाद्या गावचा असतो.